बेसबॉलची तीसही स्टेडियम बघायची असतील तर नकाशा नंतर, आधी कॅलेंडर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसन, न्यू जर्सीमधलं कुटुंब, नवरा-बायको दोघंही एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर), मुलगी नऊ वर्षांची, न्यूयॉर्कच्या मेट्स टीमचे गेम बघून बेसबॉलची गोडी लागली आणि आता मेजर लीगची (अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात वरची लीग) तीसही स्टेडियम बघायची आहेत. एका उन्हाळ्यात गाडी काढून होतील का, रूट कसा लावायचा, खर्च कसा सांभाळायचा आणि आम्ही शाकाहारी आहोत तर तिथे खायचं काय, असं विचारलंय.

माझी तीस होऊन बरीच वर्षं झाली, आता कुठे नवीन उघडलं की ते करून येते, आणि इथे ओहायोत कोलंबसला मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांच्या ट्रिपा मीच लावून दिल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहिते. तीसही होतात, नोकरी आणि मूल सांभाळून होतात. फक्त एका उन्हाळ्यात करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, का ते पुढे सांगते.

सगळे जण पहिल्यांदा नकाशा उघडतात. तीस ठिपके, त्यातून कमीत कमी मैलांचा रस्ता शोधायचा. पण एका टीमचे सीझनमध्ये १६२ गेम असतात, त्यातले ८१ घरी आणि ८१ बाहेर, आणि ते एकाआड एक नसतात. टीम आठवडाभर किंवा जरा जास्त घरी असते, मग तशीच आठवडाभर बाहेर जाते. म्हणजे मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत अर्धा वेळ कुठलंही मैदान रिकामंच असतं. तुम्ही नकाशाप्रमाणे पिट्सबर्गला पोचलात आणि तिथली टीम पायरेट्स तेव्हा सॅन डिएगोला खेळतायत तर त्या रस्त्याचा काय उपयोग? त्यामुळे खरा प्रश्न कोणत्या क्रमाने जायचं हा नाहीच, कोण कधी घरी आहे हा आहे. आधी तारखा, मग रस्ता.

त्याच्याही आधी घरात बसून एक गोष्ट ठरवून टाका, 'बघितलं' कशाला म्हणायचं. काही जण स्टेडियमची टूर घेतात आणि मोजतात, काही जण गेमच्या नऊपैकी तीन इनिंग बघून पुढच्या शहराला पळतात. माझा नियम असा की पहिल्या पिचपासून, म्हणजे पहिल्या बॉलपासून, शेवटच्या आउटपर्यंत बसलं तरच ते मैदान झालं. का म्हणते, तर क्रिकेटसारखंच बेसबॉलमध्येही मधला भाग सगळीकडे सारखा असतो, पिचरपासून (बॉल टाकणाऱ्यापासून) होम प्लेट, जिथे बॅटर उभा राहतो, ६० फूट ६ इंच, दोन बेसमध्ये ९० फूट, पण बाउंड्री ज्याची त्याची. बॉस्टनला लेफ्ट फिल्डची (होम प्लेटवरून बघताना डावीकडची) भिंत जेमतेम ३१० फुटांवर, पण ३७ फूट उंच. ह्यूस्टनला लेफ्ट फिल्ड ३१५ फूट. सॅन फ्रान्सिस्कोला राइट फिल्डचा कोपरा ३०९ फुटांवर पण भिंत २४ फूट, आणि त्यामागे थेट पाणी. एका मैदानावर होमरन, म्हणजे क्रिकेटच्या सिक्ससारखा थेट भिंतीपलीकडे, गेलेला बॉल दुसऱ्या मैदानावर साधा कॅच होतो. हे टूरमध्ये कळत नाही, भिंतीला आपटून परत आलेला बॉल डोळ्यांनी बघितला की कळतं.

दुसरं ठरवायचं ते बंद पडलेल्या आणि तात्पुरत्या मैदानांचं. ओकलंडची ए'ज टीम २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिथून निघाली आणि २०२५ पासून वेस्ट सॅक्रामेंटोच्या सटर हेल्थ पार्कमध्ये खेळते, लास व्हेगासचं स्टेडियम तयार होईपर्यंत. हे सॅक्रामेंटोचं मैदान खरं तर मायनर लीगचं (खालच्या पातळीच्या लीगचं), जेमतेम चौदा हजार माणसं मावतात. मी ते मोजते, कारण तिथला निकाल पॉइंट टेबलला लागतो. टँपा बेच्या ट्रॉपिकाना फिल्डचं छप्पर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन चक्रीवादळात फाटलं आणि २०२५ चा सगळा सीझन त्यांना टँपामध्येच यांकीजच्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या (सीझनआधीच्या सरावाच्या) मैदानावर काढावा लागला. सांगायचा मुद्दा, तीसची यादी सारखी हलत असते. जे मैदान बंद व्हायच्या वाटेवर आहे ते आधी करा, जे नवीन येतंय ते कुठे पळून जात नाही.

आता एका उन्हाळ्याचं. फक्त आकडा गाठायचा असेल तर लोकांनी महिन्याच्या आत तीसही केलीयेत, पण त्यात रोज गेम, रोज विमान नाहीतर रात्रभर गाडी. तुमच्या मुलीची शाळा जूनअखेर सुटणार आणि सप्टेंबरच्या सुरवातीला उघडणार, म्हणजे तुमच्या हातात जुलै आणि ऑगस्ट, त्यातही जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार ब्रेकमध्ये तीन-चार दिवस गेमच नसतात. शिवाय जुलैत सेंट लुइस आणि कॅन्सस सिटीला दुपारच्या गेमला नऊ वर्षांच्या पोरीला उन्हात बसवणं मला अजिबात पटत नाही. दहाव्या-बाराव्या स्टेडियमनंतर सगळी सारखीच दिसायला लागतात आणि मूल कंटाळलं की पुढच्या वर्षी नाव काढत नाही. दोन नोकऱ्यांच्या मधे गॅप असलेल्या एकट्या माणसाने विचारलं असतं तर मी कदाचित वेगळं सांगितलं असतं. तुम्हाला मी चार-पाच वर्षं सांगेन.

आणि तुमच्यासाठी एक सोपा धागा आहे, तो म्हणजे मेट्स. २०२३ पासून वेळापत्रक बदललंय, आता प्रत्येक टीम दर सीझनला बाकीच्या २९ च्या २९ टीमशी खेळते. तीस टीम दोन लीगमध्ये वाटलेल्या असतात, त्यातल्या दुसऱ्या लीगमधल्या बहुतेक टीमशी एका वर्षी आपल्या घरी तर पुढच्या वर्षी त्यांच्या घरी. म्हणजे सलग दोन सीझन धरले तर मेट्स प्रत्येक मैदानावर किमान एकदा जातातच. त्यांचं बाहेरगावचं वेळापत्रक घ्या आणि आपली सुट्टी त्याला जोडा. मुलीला खेळाडू ओळखीचे असतात, आपली एक बाजू असते, परक्या गावात मेट्सचा टीशर्ट घातलेलं माणूस दिसलं की लगेच गप्पा सुरू होतात. फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, अटलांटा, मायामी ह्या त्यांच्याच डिव्हिजनच्या (लीगमधल्या पोटगटाच्या) टीम, तिथे तर वर्षातून साधारण दोनदा जातात, त्यामुळे तिथल्या तारखांची घाई नाही. पुढच्या सीझनचं वेळापत्रक आदल्या उन्हाळ्यातच बाहेर पडतं, तेव्हा ऑफिसात रजा टाकायला भरपूर वेळ मिळतो. फक्त गेमच्या वेळा नंतर पक्क्या होतात आणि रविवारचा दुपारचा गेम टीव्हीसाठी रात्रीवर ढकलला जाऊ शकतो, म्हणून रविवारी संध्याकाळचं परतीचं विमान बुक करून बसू नका.

माझा सगळ्यात कडक नियम पावसाचा आहे. एकाच मैदानावर त्याच दोन टीमचे सलग काही दिवस गेम असतात, त्याला सिरीज म्हणतात. लांबून जाताय तर सिरीजच्या शेवटच्या दिवसाचं तिकीट काढू नका, पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसाचं काढा. पाच इनिंग झाल्या की (होम टीम पुढे असेल तर साडेचार) गेम अधिकृत धरतात, त्याआधी पावसाने उडाला तर तुमचं तिकीट पुढच्या तारखेला चालतं. गावातल्या माणसाला ते ठीक आहे, पण तुम्ही तोवर न्यू जर्सीला परत गेलेले असणार. पहिल्या दिवशी उडाला तर दुसरा दिवस हातात असतो, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी डबलहेडरच (एका दिवसात दोन गेम) ठेवतात. छप्पर असलेल्या मैदानांना ही भीती नाही: फिनिक्स, आर्लिंग्टन, ह्यूस्टन, मायामी, मिलवॉकी, सिएटल, टोरांटो यांची छपरं उघडबंद होतात आणि टँपा बेचं कायमचं बंद. म्हणून एप्रिलच्या स्प्रिंग ब्रेकला टेक्सास किंवा फ्लोरिडा ठेवा, मिनिआपोलिस आणि डेट्रॉइट जूननंतर. सॅन फ्रान्सिस्कोला मात्र जुलै-ऑगस्टच्या रात्रीसुद्धा जाड जॅकेट लागतं, खाडीवरून जो वारा येतो तो सातव्या इनिंगनंतर सहन होत नाही.

एका दिवसात दोन मैदानं करायची का हेही लोक नेहमी विचारतात. सिरीजचा शेवटचा दिवस, म्हणजे बुधवार नाहीतर गुरुवार, बऱ्याचदा दुपारचा गेम असतो कारण टीमला संध्याकाळी पुढच्या गावाला निघायचं असतं. २०२३ ला पिच क्लॉक (पिचरने ठराविक सेकंदांत बॉल टाकावा म्हणून लावलेलं घड्याळ) आल्यापासून गेम साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटपतो, आधी तीन तासांच्या वर जायचा, त्यामुळे बॉल्टिमोरला दुपारी आणि वॉशिंग्टनला रात्री हे आता जमण्यासारखं आहे, अंतर चाळीसेक मैल. पण हे एखाद-दुसऱ्या वेळी, तेही पावसाळी दिवस नसताना, आणि मुलगी स्वतःहून हो म्हणाली तर.

तर आत्तापर्यंतचं: टीम कधी घरी आहे ते आधी बघा, पूर्ण गेम बघा, मेट्सच्या मागे जा, पहिल्या-दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढा. आता गट कसे पाडायचे ते सांगते.

तुमच्या घराजवळ सहा आहेत आणि त्यातल्या एकालाही विमान लागत नाही. सिटी फिल्ड तुमचं झालंय, यांकी स्टेडियमला ट्रेनने जा आणि लवकर जा कारण आतलं मॉन्युमेंट पार्क, जिथे जुन्या खेळाडूंची स्मारकं आहेत, गेम सुरू व्हायच्या पाऊण तास आधीच बंद करतात. फिलाडेल्फियाला ब्रॉड स्ट्रीट लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर उतरलं की समोरच. वॉशिंग्टनला चौथ्या इनिंगमध्ये जुन्या राष्ट्राध्यक्षांची भलीमोठी डोकी घातलेली माणसं शर्यतीत धावतात, मुलीला आवडेल. पण या सगळ्यांत माझा जीव बॉल्टिमोरवर आहे. कॅमडन यार्ड्स १९९२ साली उघडलं, त्याआधी लोक काँक्रीटची गोल गोल स्टेडियम बांधत होते ज्यात बेसबॉल पण आणि फुटबॉल पण. इथे त्यांनी रेल्वेचं जुनं विटांचं वेअरहाउस पाडलं नाही, राइट फिल्डच्या मागे तसंच ठेवलं, आणि नंतर सगळा देश तसंच बांधायला लागला. स्टेडियम आणि वेअरहाउसच्या मधून यूटॉ स्ट्रीट जाते, तिथे चालताना खाली बघा. जमिनीत पितळेचे बॉलच्या आकाराचे छोटे छोटे बिल्ले बसवलेत, जिथे जिथे होमरन येऊन पडला तिथे तिथे, वर खेळाडूचं नाव आणि तारीख. मुलीला सांगा जास्तीत जास्त शोध म्हणून, अर्धा तास आरामात जातो. त्या वेअरहाउसच्या भिंतीला गेममध्ये थेट बॉल मारणं अजून कुणाला जमलेलं नाही, १९९३ च्या होमरन डर्बीत (नुसती होमरन मारायची स्पर्धा) केन ग्रिफी ज्युनियरने मारला होता तेवढाच.

बॉस्टनसाठी दोन दिवस ठेवा. फेनवे पार्क १९१२ चं, सगळ्यात जुनं. तिकीट काढताना एक गोष्ट सांभाळा, जुन्या ग्रँडस्टँडमध्ये लोखंडी खांब आहेत आणि काही सीटवरून पिचर तरी दिसतो नाहीतर बॅटर तरी, म्हणून तिकिटावर दृश्य अडलेलं लिहिलंय का ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका. लाकडी अरुंद खुर्च्या आहेत, गुडघे अडकतात, पण बसा तिथेच. लेफ्ट फिल्डच्या हिरव्या भिंतीतला स्कोअरबोर्ड अजूनही आत माणसं बसून हाताने पाट्या बदलून चालवतात. त्याच बोर्डावर उभ्या पट्टीत टिंबं आणि रेघा दिसतील, ती मोर्समधली जुन्या मालकांची, टॉम आणि जीन यॉकींची, आद्याक्षरं आहेत. आणि राइट फिल्डच्या हिरव्या बाकांमध्ये एकच लाल सीट आहे, सेक्शन ४२, रांग ३७, सीट २१. बॉस्टनच्याच टेड विल्यम्सचा १९४६ चा ५०२ फुटांचा होमरन तिथे पडला होता. गेटं उघडल्या उघडल्या त्या सीटपर्यंत चढून जा आणि तिथून होम प्लेटकडे बघा, मग कळतं ५०२ फूट म्हणजे काय.

दुसरा गट पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, जोडीला सिनसिनाटी. हा माझ्या घरचा भाग, एका आठवड्याच्या सुट्टीत गाडीने सहज होतो. कुणी मला एकच स्टेडियम विचारलं तर मी पिट्सबर्गचं पीएनसी पार्क सांगते. गेमच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंते पूल गाड्यांना बंद करतात आणि डाउनटाउनमधून सगळे चालत नदी ओलांडतात. होम प्लेटच्या मागे वरच्या मजल्यावर तिकीट घ्या, समोर नदी, पिवळे पूल आणि त्यामागे उंच इमारती, संध्याकाळच्या गेमला दिवे लागताना बघायला मिळतं. क्लेमेंते हा पायरेट्सचा खेळाडू, त्याचा नंबर २१ होता म्हणून राइट फिल्डची भिंत २१ फूट आहे. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान पडलं आणि तो गेला, त्याच सीझनमध्ये त्याने ३००० वा हिट मारला होता. हे मुलीला पुलावरून चालतानाच सांगा, त्याचा पुतळा तिथेच आहे.

तिसरा गट शिकागोची दोन आणि मिलवॉकी, हवं तर मिनिआपोलिस. शिकागोला गाडी नकोच, दोन्ही मैदानं एकाच रेड लाइनवर, आणि मिलवॉकीला अ‍ॅमट्रॅकने दीड तास. रिग्ली फिल्ड मात्र एप्रिलमध्ये करू नका. तिथली आउटफिल्डची भिंत वेलींनी झाकलेली असते, १९३७ पासून, पण एप्रिलमध्ये त्या वेली नुसत्या वाळक्या काटक्या असतात, जूनमध्ये हिरव्यागार होतात. बॉल वेलीत अडकला तर फिल्डर हात शोधायला न घालता दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोनच बेस मिळतात. आत हात घालून शोधायला लागला तर खेळ चालूच राहतो. हे एकदा तरी बघायला मिळावं.

बाकीचे पटकन सांगते. सेंट लुइस आणि कॅन्सस सिटी एकाच हायवेवर, चार तासांच्या अंतरात. टेक्सासची दोन एकत्र, फक्त आर्लिंग्टनला गाडी लागतेच. फ्लोरिडाची दोन एकत्र, अटलांटा वेगळं. डेन्व्हर एकटंच, वरच्या मजल्यावर जांभळ्या खुर्च्यांची एक रांग आहे ती समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचीची खूण. कॅलिफोर्नियाला दहा दिवस द्या, सॅन डिएगो ते अनाहाइम ते लॉस एंजेलिस ट्रेननेसुद्धा होतं, फिनिक्स त्याला जोडा. डॉजर स्टेडियमला युनियन स्टेशनहून बस सुटते, तीच घ्या, पार्किंगमधून बाहेर पडायला फार वेळ जातो. सिएटलच्या आसपास दुसरं एकही मैदान नाही, ते कशाच्या तरी निमित्ताने करायचं. बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन दर दोन वर्षांनी वेगळ्या शहरात असतं, त्याला एक गेम जोडणारी बरीच कुटुंबं मला माहीत आहेत. आणि घरात कुणी क्रिकेटवालं नाक मुरडत असेल तर सांगा, २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सचिन आणि शेन वॉर्नच्या टीम तुमच्या सिटी फिल्डवर, ह्यूस्टनच्या मैदानावर आणि डॉजर स्टेडियमवर खेळून गेल्यात.

टोरांटोचं मुद्दाम वेगळं लिहितेय कारण एच-वनवाल्यांचं तिथेच अडतं. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही. तो अर्ज गेमच्या तारखेच्या खूप आधी करा. परत येताना पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा स्टँप संपला असेल तरी आय-९४ ची (अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्याची नोंद) मुदत शिल्लक असेल आणि कॅनडात ३० दिवसांपेक्षा कमी राहिलात तर साधारणपणे ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशनवर (संपलेला व्हिसा चालवून घ्यायची सवलत) येता येतं, पण तिथे असताना नवीन व्हिसाला अर्ज करायचा नाही आणि आय-९४ बॉर्डरवर देऊन टाकायचा नाही. तुमच्या कंपनीच्या वकिलाला एकदा ईमेल करून विचारूनच निघा. गेमच्या आठवडाभर आधी ही शोधाशोध करायची वेळ येऊ देऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर तिकीट हा त्यातला लहान भाग, विमान आणि हॉटेल मोठा. सोमवार ते गुरुवार, त्यातही एप्रिल-मे आणि सप्टेंबर स्वस्त. यांकीज-रेड सॉक्स, ओपनिंग डे, फुकट बाहुली वाटतात तो दिवस, हे महाग. रीसेलवर गेमच्या दिवशी भाव बहुतेक ठिकाणी उतरतात, पण फेनवे, रिग्ली आणि डॉजर स्टेडियमला त्या भरवशावर जाऊ नका, आधी काढा. प्रत्येक ठिकाणी गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन 'पहिला गेम' म्हणून सर्टिफिकेट मागा, बहुतेक सगळीकडे फुकट देतात, मुलीची फाइल तयार होते. रविवारी गेमनंतर बऱ्याच ठिकाणी मुलांना बेसवरून धावू देतात, तो रविवार शक्य तिथे साधा.

खाण्याची काळजी करू नका. बऱ्याच स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीतून घरचं खाणं आणि सीलबंद पाण्याची बाटली नेता येते, त्या त्या मैदानाच्या वेबसाइटवर आदल्या दिवशी वाचून घ्या. पाठीवरची सॅक बऱ्याच ठिकाणी चालत नाही. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा नेते, आत गार्लिक फ्राइज आणि बाहेरून घेतलेले भाजके शेंगदाणे. नाचोज घेताना चीजमध्ये मटण-बिटण नाही ना हे विचारा, आणि फ्राइजचं तेल कशाचं आहे हेही, तुम्ही कडक पाळत असाल तर.

या वर्षी घराजवळची राहिलेली पाच करा आणि मेट्स पिट्सबर्गला कधी जातायत ते बघून ती सिरीज धरा. कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज आत्ताच टाका. तुमच्या रजेच्या तारखा आणि मुलीच्या शाळेचं कॅलेंडर इथे लिहिलंत तर पुढच्या सीझनचं वेळापत्रक समोर ठेवून दुसरा आणि तिसरा गट मी तारखांसकट लावून देते.